ओ-पेअर म्हणून परदेशी घरात राहताना : वेगळेपण कसे ओळखावे आणि त्याविषयी कसे बोलावे

ओ-पेअर म्हणून परदेशातील कुटुंबात राहायला जाणारी व्यक्ती त्या घरची पाहुणी नसते आणि नोकरही नसते. या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे : यजमान कुटुंबाने खोली, जेवण आणि हातखर्च द्यायचा, आणि त्या बदल्यात तुम्ही मुले सांभाळायची, हलकी घरकामे करायची व उरलेल्या वेळात तिथली भाषा शिकायची. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात मात्र ज्या घरात तुम्ही काम करता त्याच घरात जेवता, झोपता, आजारी पडता आणि सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळता. त्यामुळे काम कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते ही रेघ कोणीच आखून देत नाही. मी जर्मनीत एक वर्ष अशा घरात राहिले. त्या वर्षातील माझ्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी दोनपैकी एक चूक होती. जे केवळ वेगळे होते त्याला मी अपमान समजले, आणि जे खरोखर नियमाबाहेरचे होते ते ‘यांची पद्धतच अशी असेल’ म्हणून सोडून दिले. पुढील सर्व सूचना या दोन चुका टाळण्यासाठी आहेत.

आधी नियम, मग रीतीभाती

सांस्कृतिक फरक समजून घेण्याची तयारी व्हिसाच्या कागदांपासून सुरू होते. नियम कोणता आणि रीत कोणती हे ठाऊक नसेल, तर पुढे समोर येणाऱ्या कोणत्याच गोष्टीचा अर्थ नीट लावता येत नाही. युरोप परिषदेच्या सदस्य देशांपुढे २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ-पेअरविषयीचा एक करार ठेवण्यात आला. काम दिवसाला साधारणपणे पाच तासांपेक्षा अधिक नसावे, आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस मोकळा मिळावा, शक्य तेथे स्वतंत्र खोली द्यावी आणि अटी लेखी असाव्यात, ही त्यातील महत्त्वाची कलमे आहेत. तो करार मोजक्याच देशांनी स्वीकारला. परंतु ओ-पेअर म्हणजे घरकामाला ठेवलेले माणूस नव्हे, हा त्यामागचा विचार आजही अनेक देशांच्या नियमांत दिसतो.

प्रत्यक्ष आकडे मात्र देशागणिक फार वेगळे आहेत. जर्मनीत व्हिसासाठी वयाची २७ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो, जर्मन भाषेची किमान ए-१ ही प्राथमिक पातळी लागते, मुक्काम सहा महिने ते एक वर्ष असतो आणि ही संधी एकदाच मिळते. काम आठवड्याला ३० तासांपर्यंत आणि दिवसाला ६ तासांपर्यंत, हातखर्च दरमहा २८० युरो, आठवड्यातून दीड दिवस सुटी, आठवड्यातल्या चार संध्याकाळी मोकळ्या, आणि विम्याचा खर्च कुटुंबाकडे, असा तिथला हिशेब आहे. अमेरिकेत जे-१ या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर १८ ते २६ वयाचे तरुण जातात. तिथे आठवड्याला ४५ आणि दिवसाला १० तासांपर्यंत काम सांगता येते, संघराज्याच्या पातळीवर आठवड्याची किमान रक्कम १९५.७५ डॉलर आहे, शिक्षणासाठी कुटुंब ५०० डॉलरपर्यंत देते, आणि दोन वर्षांखालील मूल सांभाळायचे असेल तर बाळे सांभाळल्याचा २०० तासांचा नोंदलेला अनुभव दाखवावा लागतो. नेदरलँड्समध्ये मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जावे लागते. नॉर्वेने तर ओ-पेअरसाठीचे परवाने देणेच २०२४ मध्ये बंद केले. त्यामुळे दुसऱ्या देशात राहणाऱ्या मैत्रिणीच्या तासांशी स्वतःच्या तासांची तुलना करून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही. आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून ते पुन्हा तपासावेत, त्या पानाची छापील प्रत काढावी आणि ती करारपत्रासोबत ठेवावी. ती प्रत पुढे कोणाला दाखवायची वेळ येईलच असे नाही. पण ती जवळ असली की मनातला संशय वेळीच तपासून पाहता येतो.

कुटुंबाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ‘मला काय काम असेल’ असा प्रश्न विचारला, तर ‘मुलांकडे लक्ष द्यायचे, थोडी मदत करायची’ असे गुळमुळीत उत्तर येते. त्याऐवजी गेल्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून मुले झोपेपर्यंत घरात काय काय झाले, ते सविस्तर सांगायला लावावे. या एका प्रश्नातून बरेच कळते : मुलांना कोण उठवते, डबा कोण भरते, शाळेतून आणायला पायी जातात की गाडीने, मुले किती वाजता झोपतात, आईवडील किती वाजता परततात आणि मुलाने हट्ट केला तेव्हा कोण काय बोलले. त्यांच्याकडे पूर्वी कोणी ओ-पेअर राहिली असेल, तर तिच्याशी बोलता येईल का हेही विचारावे. या विनंतीला टाळाटाळ झाली, तर मी ते कुटुंब निवडणार नाही. आजारपणात कामाचे काय, घराची किल्ली मिळेल का, मैत्रिणीला घरी बोलावता येईल का, रात्री परतण्याच्या वेळेची अपेक्षा काय, हे प्रश्न संकोच न करता आधीच विचारावेत. तिथे पोहोचल्यावर हेच प्रश्न तक्रारीसारखे ऐकू येतात.

पहिले आठवडे : न सांगितलेले नियम

माझ्या यजमानांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक मोठे कॅलेंडर होते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा त्यात एक रकाना होता, आणि मी पोहोचण्यापूर्वीच माझ्या नावाचाही रकाना आखलेला होता. पहिल्या रविवारी तो कोरा होता. सकाळी आठ वाजता खालून बशा मांडल्याचा आवाज आला, मुलांचे हसणे आले, आणि मी खोलीत बिछान्याच्या कडेला कपडे करून बसून राहिले. खाली गेले तर सुटीच्या दिवशी काम अंगावर घेतल्यासारखे होईल का, की त्यांच्या कुटुंबाच्या वेळेत मी लुडबूड केल्यासारखे होईल, हे मला ठरवता येईना. मी अकरा वाजेपर्यंत तशीच बसले. पुढे कळले की खाली माझ्यासाठीही बशी मांडलेली होती, आणि सुटीच्या दिवशी मला उठवणे बरे दिसणार नाही म्हणून कोणी दार वाजवले नव्हते. दोन्ही बाजू एकमेकांचा मान राखत होत्या, आणि त्यामुळे दोघांचीही सकाळ वाया गेली.

असे प्रसंग टाळण्याचा उपाय साधा आहे : पहिल्या तीन दिवसांत न सांगितलेले नियम विचारून घ्यावेत. सुटीच्या दिवशी सोबत जेवावे अशी तुमची अपेक्षा असते का? माझ्या खोलीचे दार बंद असेल तर मुलांनी यावे की नाही? फ्रिजमधले काय विचारून घ्यायचे आणि काय न विचारता? मुले झोपल्यावर दिवाणखान्यात मी बसले तर चालेल, की तो वेळ तुम्हा दोघांचा असतो? शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण बऱ्याच घरांत त्याचेच उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. उत्तर ‘तो वेळ आमचा असतो’ असे आले, तर वाईट वाटून घेऊ नये. तुम्ही त्यांना नकोशा आहात असा त्याचा अर्थ नसतो. दिवसभराच्या धावपळीनंतर दोन माणसांना एकमेकांशी बोलायला तासभर हवा असतो, एवढेच.

बंद दारांविषयीही हेच लागू पडते. माझ्या यजमान घरात पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीत जातानासुद्धा आई दारावर टकटक करून थांबत असे. सुरुवातीला मला ते कोरडेपणाचे वाटले. काही आठवड्यांनी लक्षात आले की तोच मुलगा माझ्या दारावरही टकटक करून थांबतो, आणि माझ्या एकांताची ती सर्वांत खात्रीची राखण आहे.

देश, घर की मनुष्य?

खटकलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर एक प्रश्न ठेवावा : हे या देशाचे आहे, या घराचे आहे, की या एका माणसाचे आहे? नव्याने गेलेल्या माणसाची सर्वांत सामान्य चूक म्हणजे एका घरात पाहिलेले सगळे काही त्या देशाच्या नावावर टाकणे. मी घरी फोन करून ‘इथले लोक असे करतात’ म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या केवळ त्या एका कुटुंबाच्या सवयी होत्या. भाषेच्या वर्गात इतर ओ-पेअर भेटल्या, तेव्हा एकीच्या घरी दूरचित्रवाणी दिवसभर चालू असे आणि दुसरीच्या घरी ती नव्हतीच, हे ऐकून माझे अनेक निष्कर्ष कोसळले.

यासाठी एक वही ठेवावी, आणि तिची शिस्त कडक असावी. आधी केवळ घडले ते लिहावे, एकही विशेषण न वापरता. ‘आईने आज तुसडेपणा केला’ असे लिहू नये, ‘आई म्हणाली, न्हाणीघराची फरशी ओली आहे, पुसून घे, तेव्हा ती हसली नाही’ असे लिहावे. मग त्याखाली आपल्याला काय वाटले ते लिहावे, आणि शेवटी ज्याला विचारता येईल अशा माणसाचे नाव. माझ्या वहीतला हा प्रसंग खरा आहे. फरशी पुसून मी अर्धा तास घुश्शात होते, आणि त्या बाईंनी पाच मिनिटांनी येऊन मला चहा हवा का म्हणून अगदी आपुलकीने विचारले. त्यांच्या दृष्टीने फरशीचा विषय वाक्यासोबतच संपला होता. थेट बोलणे म्हणजे राग नव्हे, हे मला समजले. पण त्याहून उपयोगी गोष्ट अशी समजली की मीही तसेच थेट बोलले तर त्यांना ते उद्धट वाटणार नाही. उलट मी आडून सुचवलेले काही त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. ‘आज जरा थकल्यासारखे वाटते आहे’ या माझ्या वाक्यातून त्यांना केवळ माझ्या तब्येतीची माहिती मिळत होती. मला संध्याकाळी लवकर मोकळे व्हायचे आहे, ही विनंती त्यांना त्यात ऐकू येत नव्हती.

मुलांच्या बाबतीत

मुले सांभाळताना हे वेगळेपण सर्वांत जवळून दिसते, आणि सर्वांत जास्त बोचते. ज्या गोष्टीला तुम्ही माया म्हणता ती त्या घरात अडथळा ठरू शकते.

चार वर्षांच्या मुलीला बालवाडीत सोडायला निघालो होतो. बाहेर पाऊस होता. ती दारापाशी बसून रेनकोटची चेन लावत होती; चेनचे टोक खालच्या खाचेत बसत नव्हते, ती ते पुन्हापुन्हा काढून घालत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली. घड्याळ पुढे सरकत होते. मी खाली वाकले आणि एका झटक्यात चेन वरपर्यंत ओढली. तिने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग असा हंबरडा फोडला की आई वरून धावत आली. मुलगी रडत एकच म्हणत होती, ‘झेल्बर माखन!’ म्हणजे ‘माझे मी करणार!’ आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने ती चेन पूर्ण खाली केली, टोक सोडवले आणि बाजूला बसून राहिली. मुलीने चेन लावली, त्याला चार मिनिटे लागली, आम्हाला उशीर झाला आणि कोणाचे काही बिघडले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आम्हा दोघींच्या निघण्याच्या वेळेत दहा मिनिटे वाढवली. एवढा बदल पुरेसा होता.

म्हणून पहिल्याच आठवड्यात आईवडिलांकडून एक यादी करून घ्यावी : मूल काय स्वतः करते, कशात मदत मागितल्यावरच द्यायची, आणि कशात न विचारता हात घालायचा. रस्ता ओलांडणे, पाणी, उंचावरून चढणे-उतरणे या तिसऱ्या गटातल्या गोष्टी आहेत, आणि तिथे मुलाच्या रडण्याकडे पाहायचे नसते. जेवणाबाबतही स्पष्ट विचारावे. ताटातले संपवायलाच हवे, असे मानणारी घरे आहेत. पोट भरले की नाही हे मुलानेच ठरवावे, असे मानणारीही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या घरात तुम्ही प्रेमाने भरवलेला एक घास आईवडिलांच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

काही बाबी मात्र घराच्या मर्जीवर सोडलेल्या नसतात. मुलांना मारण्यास स्वीडनने १९७९ मध्ये कायद्याने बंदी घातली. जर्मनीत मुलाला हिंसाविरहित संगोपनाचा हक्क २००० पासून कायद्यात आहे, आणि फ्रान्सनेही २०१९ मध्ये तसा कायदा केला. चापट, चिमटा, कान पिळणे, अंधाऱ्या खोलीत कोंडण्याचा धाक, यांतले काहीही, गमतीनेसुद्धा, करू नये. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत योग्य आसनाशिवाय बसवता येत नाही. ‘दोन चौकांचेच तर अंतर आहे’ ही सबब तिथे चालत नाही. मुलांची छायाचित्रे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणालाही पाठवू नयेत, घरच्यांनासुद्धा. आणि युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११ हा तातडीचा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि मुलांच्या ॲलर्जींची नावे तिथल्या भाषेत मोठ्याने म्हणून पाठ करावीत. घाबरलेल्या क्षणी शब्द आठवत नाहीत.

बोलायचे कसे

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मुले झोपल्यावर अर्धा तास आईवडिलांसोबत बसण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यापासून पाडावी. तक्रार असली तरच बसायचे असे ठरले, तर ‘आपण बोलूया का’ हे शब्दच वातावरण जड करतात. या बैठकीत पुढील आठवड्याचे वेळापत्रक पाहावे, मुलांविषयी एक चांगली गोष्ट सांगावी आणि स्वतःची एक अडचण मांडावी. अडचण मांडताना घडलेली गोष्ट, तिचा परिणाम आणि विनंती असा क्रम ठेवावा : ‘या आठवड्यात दोनदा तुम्ही सांगितलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आलात, त्यामुळे माझा भाषेचा वर्ग बुडाला, उशीर होणार असेल तर दुपारपर्यंत कळवाल का?’ असे वाक्य आधी वहीत लिहून, त्या भाषेत दोनदा वाचून जावे. भाषा तोकडी असताना माणूस एक तर गप्प राहतो किंवा चुकून फार कठोर बोलतो.

संबोधनांचा प्रश्नही पहिल्या दिवशी सोडवावा. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद मराठी माणसाच्या कानाला आयुष्यभराचा सवयीचा आहे, आणि जर्मनमध्येही ‘डू’ आणि ‘झी’ असा भेद आहेच. तरी ओ-पेअर आणि यजमान पालक एकमेकांना बहुधा ‘डू’ म्हणतात आणि नावाने हाक मारतात. वयाने मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ महिनाभर अडखळत होती. मात्र शेजारच्या वृद्ध गृहस्थांना, बालवाडीतल्या शिक्षिकेला ‘डू’ म्हणायचे नसते. कोणी आपणहून सुचवेपर्यंत ‘झी’ म्हणावे.

जे सांस्कृतिक नाही

आता दुसरी चूक, जी मला अधिक महाग पडली. सातव्या आठवड्यात मला विचारण्यात आले की शनिवारी आजीच्या घरी जाऊन खिडक्या पुसून देशील का. वडीलधाऱ्यांसाठी काही करणे मला चुकीचे वाटण्याचे कारणच नव्हते, आणि नाही म्हटले तर त्यांच्या रीतीचा अनादर होईल असे वाटले. मी चार शनिवार गेले. तो माझ्या सुटीचा दिवस होता, ते दुसरे घर होते, आणि वृद्धांची सेवा किंवा इतरांच्या घरची साफसफाई ओ-पेअरच्या कामात येत नाही. ही कोणत्याही देशाची रीत नव्हती. मी नियमाचे पान काढून, राग न धरता दाखवले, आणि ते काम त्याच आठवड्यात थांबले. कुटुंब वाईट नव्हते. मी न बोलल्यामुळे मला ते आवडते असे त्यांनी धरले होते.

पण सगळी कुटुंबे अशी नसतात. पासपोर्ट काढून घेणे, हातखर्च अडवून ठेवणे, ठरल्यापेक्षा जास्त तास आठवड्यामागून आठवडे राबवणे, आजारपणात काम करायला लावणे, खोलीला आडोसा नसणे, पुरेसे जेवण न मिळणे, अंगचटीला येणे : यांतील एकाही गोष्टीला संस्कृतीचे पांघरूण घालू नये. कामाचे तास पहिल्या दिवसापासून रोज रात्री लिहून ठेवावेत, तक्रार लेखी संदेशानेच करावी, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घराबाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे असावी. संस्थेमार्फत गेला असाल तर आधी संस्थेला कळवावे. अमेरिकेत कुटुंब बदलण्याच्या प्रक्रियेला ‘रीमॅच’ म्हणतात आणि ती संस्थेमार्फतच होते. जर्मनीत कुटुंब बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवणे आवश्यक असते. जिवाला किंवा अब्रूला धोका वाटला तर मात्र बैठकीची वाट पाहू नये. घर सोडावे, पोलिसांना बोलवावे आणि आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधावा.

या दोन टोकांच्या मध्ये एक थकव्याचा काळ असतो. माझ्या बाबतीत तो तिसऱ्या महिन्यात आला. नवलाई संपली होती, भाषा अजून हातात आली नव्हती, आणि अंधार दुपारी चारलाच पडू लागला होता. त्या दिवसांत सगळेच खटकते, म्हणून त्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. घराबाहेरची एक ठरलेली गोष्ट मात्र असावी : भाषेचा वर्ग, गायनाचा गट, पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, काहीही. जिथे तुम्ही मुलांमुळे ओळखल्या जात नाही अशी एक तरी जागा हवी.

निघण्याच्या आधी

मुलांपासून तुमच्या जाण्याची तारीख लपवू नये. आईवडिलांशी ठरवून तीन-चार आठवडे आधी सांगावी आणि कॅलेंडरवर खूण करावी; लहान मुलाला दिवस मोजता आले की निरोप अचानक अंगावर येत नाही. कुटुंबाकडून कामाचे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे, त्यात मुलांची वये, कालावधी आणि कामाचे स्वरूप असावे. शेवटच्या आठवड्यात पुढच्या ओ-पेअरसाठी दोन पाने लिहून खोलीच्या खणात ठेवावीत. मी माझी वही समोर घेऊन ती लिहिली : धाकटीला चेन लावायला चार मिनिटे लागतात, त्या हिशेबाने निघ. फरशीविषयी बोलले गेले तर ते फरशीविषयीच असते. शनिवारी दुसऱ्या घरी जाण्याविषयी विचारले तर नाही म्हण, ते रागावणार नाहीत. रविवारी आठ वाजता खाली बशी मांडलेली असते, ती तुझ्यासाठी आहे.